मागच्या दारातली अढी

आत्माराम कंपाउंडर अगदी परवापरवापर्यंत नाकाने काम करत असत.

म्हणजे हातांनी पुड्या बांधणं, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणं, ड्रेसिंग करणं, हे सगळं होतंच. पण त्यांचा खरा भरवसा नाकावर. मोठे डॉक्टर होते तेव्हा पेशंट नुसता दारात यायचा अवकाश, आत्माराम पडद्याआडून म्हणायचे, "डॉक्टर, ह्यांना आधी घ्या. पायाची जखम आत चिघळलेय." पट्टी अजून सुटलेलीसुद्धा नसायची. एकदा भर ओपीडीत ते उठले आणि काही न बोलता शेजारच्या शिंप्याच्या दुकानात गेले. शिंपी जेवायला गेला होता आणि इस्त्रीखालचं कापड नुकतं कुठे करपायला लागलं होतं. त्या दिवसापासून गल्लीत कुणाला काही जळाल्यासारखं वाटलं की आधी आत्मारामांना विचारायचे, मग चुलीकडे बघायचे.

मोठे डॉक्टर गेले, त्यांचा मुलगा विनीत दवाखाना चालवू लागला. आत्मारामांनी त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावर फिरवून आणलेलं. आता ते त्याला 'डॉक्टर' म्हणत आणि तो त्यांना 'काका' म्हणे. मागच्या खोलीत खाटा घातल्या होत्या, कुणाला सलाईन लावायला, कुणाला दम्याची वाफ द्यायला. खोलीच्या बाहेर एक अरुंद बोळकांडी आणि तिच्या टोकाला मागचं दार. ते शेजारच्या विहिरीकडे उघडायचं. उघडायचं म्हणजे उघडलं असतं. उघडत कुणी नव्हतं.

आत्माराम रोज पालीहून एसटीने रत्नागिरीला येत, हातखंब्याला कधी बस थांबून राहिली तर वैतागत, आणि उशीर झाला तर आल्या आल्या राहीला सांगत, "आज मी नाही, एसटी लेट." राही ही काउंटरवर बसणारी मुलगी. ती म्हणायची, "हो काका, एसटीचा पगार कापते."

शिमग्याच्या तोंडावर आत्मारामांची बायको कमळा गेली. आजार जुना होता, सगळ्यांना ठाऊक होता. सुतक असल्याने त्या वर्षी देवाची पालखी त्यांच्या अंगणात आली नाही, वाटेवरून पुढे गेली. आत्माराम पडवीत उभे राहून बघत होते. ढोल वाजत होते, पोरं नाचत होती, गुलाल उडत होता, आणि त्यांना वाटलं, हे सगळं काचेपलीकडे चाललंय. रडू आलं नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात हजर झाले आणि पुड्या बांधायला बसले.

कमळेने जाण्याआधी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. घरामागच्या आंब्याच्या चार कलमांवर तिचा जीव. दर वर्षी ती स्वतः अढी घालायची: खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे, आणि सगळ्यावर गोणपाट. अशा उबेत आंबा सावकाश पिकतो, साखरेसारखा होतो. पहिले पिकलेले आंबे दवाखान्यात यायचे, सगळ्यांना एकेक. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली होती, "यंदा मी नसले तरी अढी घाला. नि वास सुटल्याशिवाय हात लावू नका. तुमाला घाई असते."

"नाही लावणार," आत्माराम म्हणाले होते.

मेच्या सुरुवातीला घराशेजारच्या रामाने झेला, म्हणजे टोकाला जाळी लावलेली काठी, घेऊन त्यांच्या कलमांचे आंबे उतरवले. घर दिवसभर बंद, अढीकडे बघणार कोण? तो टेम्पो घेऊन रत्नागिरीला यायचाच होता. त्याने पेंढ्याचे भारे आणि आंब्यांच्या पाट्या दवाखान्यासमोर उतरवल्या आणि म्हणाला, "आत्मादा, वयनीचं आंबं. तुझं तू बघ." आणि निघून गेला.

आत्मारामांनी विनीतला विचारलं. विनीत म्हणाला, "घाला की काका, कुठेही." मागची बोळकांडी गार, अंधारी, वारा नसलेली. अढीला याहून चांगली जागा नाही. दुपारी पेशंट ओसरले तेव्हा त्यांनी पँट दुमडली आणि मागच्या दाराला लावून अढी घातली. कमळा घालायची तशीच, देठाची बाजू सांभाळून, एक आंबा दुसऱ्याला टेकू न देता. वर गोणपाट घातलं आणि चारी कडा आत खोचल्या. राही येऊन बघून गेली. तिने डोळे पुसले. आत्मारामांना कळलं नाही, हिला रडायला काय झालं.

मग ते वासाची वाट बघू लागले.

रोज सकाळी आल्यावर ते बोळकांडीत जात, गोणपाटापाशी वाकत, श्वास ओढून घेत. काही नाही. कच्चेच आहेत, असं म्हणून परत येत. संध्याकाळी निघताना पुन्हा. काही नाही. यंदा थंडी उशिरा गेली, मोहोर उशिरा आला, आंबा उशिरा पिकतोय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे त्यांना स्पिरिटचाही वास येत नव्हता. एसटीतल्या डिझेलचा येत नव्हता. सकाळी चहा पिताना नुसतं गरम आणि गोड काहीतरी घशाखाली उतरत होतं. पण कमळा गेल्यापासून सगळंच तसं होतं. त्यात नाकाचं वेगळं काय, असं कधी त्यांच्या मनातच आलं नाही.

इकडे दवाखान्यात घमघमाट सुटला होता. समोर बसलेले पेशंट माना वळवून बघत. "डॉक्टरांनी आंब्याचा धंदा काढला काय?" अशी थट्टा चाले. राही त्यांना खुणेने गप्प करायची. सगळ्यांनी आपापल्या मनाने एक गोष्ट ठरवली होती: काकांना ती अढी मोडवत नाही. काकूची शेवटची आठवण आहे, राहू दे. झाडणारी बाईसुद्धा केरसुणी तेवढ्या जागेभोवती वळवून नेई, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी.

नेमका त्याच आठवड्यात हर्षद आला. दवाखान्यांना आगीची व्यवस्था बघून देणारा, कर्मचाऱ्यांना शिकवणारा माणूस. गळ्यात ओळखपत्र, हातात लाल सिलिंडर, तोंडाचा पट्टा चालू.

"आग लागली तर पहिलं काम काय? पळणं नाही. ओरडणं. सगळ्यांना कळलं पाहिजे. मग मेन स्विच बंद. ते कोण करणार?"

"काका," राही म्हणाली. "त्यांच्याच डोक्यावर आहे बोर्ड."

"ठीक. मग हा सिलिंडर. पिन ओढायची, नळी जाळाच्या बुडाशी धरायची, वर नाही, बुडाशी. दांडा दाबायचा आणि झाडू मारल्यासारखी नळी फिरवायची. विजेच्या आगीवर पाणी? अजिबात नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे आहे? मागच्या खोलीत? त्याचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा. धुराचा अलार्म कुठे?"

विनीत हसला. "आमच्याकडे अलार्म आहे. काकांचं नाक."

सगळे हसले. आत्मारामही हसले, म्हणजे सगळे हसताहेत म्हणून ओठ तेवढे हलवले. हर्षद हसला नाही. "नाक घरी जातं, डॉक्टर. अलार्म जात नाही," तो म्हणाला आणि मागे गेला. बोळकांडीतून त्याचा आवाज आला, "हे काय? गोठा आहे का हा?"

राही घाईने मागे गेली.

"सुका पेंढा! दवाखान्यात! आणि तोही बाहेर पडायच्या दाराला लावून? अहो, पुढून आग लागली तर मागचे पेशंट कुठून काढणार तुम्ही?"

राहीने त्याला डोळ्यांनी दटावलं. विनीत त्याच्या दंडाला धरून त्याला पुढच्या खोलीत घेऊन गेला आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. हर्षदचा चेहरा उतरला. "सॉरी," तो आत्मारामांकडे बघून म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?" आत्मारामांनी विचारलं.

"काही नाही काका," राही म्हणाली.

मग सराव झाला. 'आग, आग' असं ओरडून सगळे पुढच्या दाराने रस्त्यावर गेले, उन्हात उभे राहिले आणि परत आत आले. मागच्या दाराचा सराव नंतर करू, असं ठरलं. हर्षद जाताना विनीतला म्हणाला, "तरी लवकर हलवा." विनीत म्हणाला, "सांगतो त्यांना." पण सांगायचं कसं? तो दोनदा आत्मारामांच्या खुर्चीपाशी आला आणि दोन्ही वेळा भलत्याच औषधाचं विचारून गेला. आत्माराम मनात म्हणाले, हल्ली डॉक्टर विसरायला लागलेत.

त्यानंतरच्या एका दुपारची गोष्ट. उकाडा असा की भिंतीला हात लावला तर चिकटावा. वीज सकाळपासून येत-जात होती. ओपीडी संपली होती. मागच्या खोलीत कर्ल्याची सखूआजी दम्याची वाफ घेत होती आणि विनीत तिच्याजवळ बसला होता. राही समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेली होती. आत्माराम आपल्या खुर्चीवर गोळ्या मोजून पाकिटात भरत होते. त्यांच्या पायापासून दोन हातांवर, काउंटरखाली, इन्व्हर्टर होता. त्याच्याशेजारी कंपन्यांनी दिलेल्या औषधांचे रिकामे खोके, आणि वरून खाली आलेला पडदा.

राही परत आली ती उंबऱ्यावरच थबकली. "काका! जळकट वास येतोय!"

"मला नाही येत," आत्माराम म्हणाले आणि पाकिटाची घडी घातली.

राही हसलीसुद्धा. क्षणभर तिला वाटलं, काकांना नाही येत म्हणजे नसेलच. मग काउंटरखालून काळा धूर निघाला, खोका पेटला आणि ज्योत पडद्याला धरून सरसर वर गेली.

"आग! काका, आग!"

आत्माराम उठले. त्यांना भीती वाटली नाही. कुणीतरी दुसराच माणूस उठतोय आणि आपण त्याच्याकडे बघतोय, असं काहीतरी. त्या माणसाने हात वर केला आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले. राहीने लाल सिलिंडर भिंतीवरून काढला, पण पिन निघेना. "पिन वळव आणि ओढ," तो माणूस म्हणाला. पिन निघाली. पांढरी भुकटी फुस्सकन बाहेर पडली. "बुडाशी, बुडाशी," राही स्वतःलाच सांगत होती आणि रडत नळी फिरवत होती. जाळ बसला. पण प्लास्टिक धुमसत राहिलं आणि धूर व भुकटी मिळून पुढची खोली अशी भरली की दार कुठे आहे ते दिसेना. राही कशीबशी चाचपडत रस्त्यावर आली.

आत्माराम मागे वळले.

विनीतने ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद केला होता, सखूआजीला चाकाच्या खुर्चीत घातलं होतं आणि खुर्ची बोळकांडीत आणली होती. आणि तिथे तो थांबला होता. समोर अढी. छातीपर्यंत उंच, नीट कडा खोचलेली. धूर छताला लागून त्यांच्या मागे मागे येत होता. आजी खोकून खोकून वाकली होती. आणि विनीत, पस्तिशीचा धडधाकट डॉक्टर, त्या गोणपाटाला हात लावावा की नाही अशा चेहऱ्याने आत्मारामांकडे बघत होता.

"काका..." तो म्हणाला.

"अरे मेल्यांनो," सखूआजी खोकल्यातून ओरडली, "काय बघत ऱ्हायलात एकमेकांच्या तोंडाकडं? दार उघडा नाय तर मी मरतंय हितंच!"

आत्मारामांनी गोणपाट ओढलं. पेंढा दोन्ही हातांनी उपसला, कडेला फेकला, पुन्हा उपसला. आंबे घरंगळले, भिंतीवर आपटले, पायाखाली फुटले. कमळेने सांगितलं होतं, हात लावू नका. ते हात लावत होते, पाय देत होते, लाथेने बाजूला सारत होते आणि त्यांना काहीच वाटत नव्हतं; वाटत नाहीये, एवढंच कळत होतं. दारापर्यंत पोचले तर कडी गंजलेली. समुद्राची हवा, आणि वर्षानुवर्षं हात न लागलेलं लोखंड. ते धुरातून आपल्या टेबलापर्यंत परत गेले, मोठ्या डॉक्टरांच्या काळातला लोखंडी बत्ता घेऊन आले आणि कडीवर घाव घातले. कडी निसटली. दार उघडलं. खुर्ची आंब्यांवरून धक्के खात विहिरीच्या कट्ट्यापाशी बाहेर आली.

शेजारी जमले होते. कुणी आगीचा बंब बोलावला होता, तो आला, पण त्याच्यासाठी फारसं काम उरलं नव्हतं. काउंटर, पडदा आणि एक भिंत काळी झाली होती. माणसं सगळी बाहेर होती. राहीला पाणी पाजलं. सखूआजीचा श्वास हळूहळू जाग्यावर आला. तिच्या मांडीवर, लुगड्याच्या ओच्यात, एक आंबा येऊन पडला होता. तिने तो उचलला, दाबला, नाकाशी नेला.

"आत्माराम," ती म्हणाली, "हा पिकून उतरलाय की रे. ही अढी कदीच काढायला हवी व्हती. चार दिस झाले, मी येतंय तवा वास मारतोय नुसता. तुझ्या नाकाला काय झाला?"

"वास येत होता?" आत्मारामांनी विचारलं.

"आक्क्या गल्लीला येत व्हता!"

आत्मारामांनी तिच्या हातातून आंबा घेतला. देठापाशी नाक टेकवलं आणि दीर्घ श्वास घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी आंबा खाली घेतला.

"नाही येत," ते म्हणाले.

विनीत कट्ट्यावर त्यांच्याजवळ बसला. त्याचे केस भुकटीने पांढरे झाले होते, मोठ्या डॉक्टरांसारखा दिसत होता. "कधीपासून, काका?"

"कमळा गेली तेव्हापासून असेल."

"सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तसंच असतं." मग ते म्हणाले, "डॉक्टर, दार मोकळं करायला हवं होतं, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी केलं असतं. मी नुसती वासाची वाट बघत होतो."

राही म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्हाला मोडवत नाहीये."

"मला?" आत्माराम म्हणाले. "मला काहीच होत नाहीये गो."

ते त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. आजी पुढे झुकली आणि त्यांच्या हाताला धरून बसली.

तळातल्या थरातले, भिंतीकडेचे आंबे शाबूत निघाले. भुकटी तिथपर्यंत पोचली नव्हती. राहीने ते विहिरीच्या पाण्याने धुतले. विनीत म्हणाला, "काकू दर वर्षी सगळ्यांना द्यायच्या." तेव्हा आत्मारामांनी उभं राहून वाटायला सुरुवात केली. राहीला, शिंप्याला, बंबावरच्या माणसांना, आजीला दोन. शेवटचा त्यांच्याच हातात राहिला. त्यांनी तो साल काढून खाल्ला. गार होता, मऊ होता.

"कसा आहे?" राहीने विचारलं.

"गोड आहे," आत्माराम म्हणाले. आणखी काही सांगता येतं का ते त्यांनी पाहिलं. "गोडच आहे."

दवाखाना रंग देऊन पुन्हा सुरू झाला. छताला धुराचे अलार्म लागले, इन्व्हर्टर भिंतीबाहेर गेला. विनीतने आत्मारामांना नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बत्ती लावून आत पाहिलं आणि म्हणाले, आत बिघाड काही दिसत नाही; येईल परत, कदाचित. आत्माराम म्हणाले, बरं.

हर्षद पुन्हा आला आणि या वेळी मागच्या दाराचा सराव झाला. दार आत्मारामांच्या ताब्यात. त्यांनी कडीला खोबरेल लावून ती एका बोटाने सरकेल अशी केली होती. एकेकाला बाहेर काढलं, आत कुणी राहिलं का ते दोन्ही खोल्यांत जाऊन बघितलं आणि मग स्वतः बाहेर आले. हर्षद म्हणाला, "काका, एकदम बरोबर." पुढच्या वर्षीची अढी कुठे घालायची तेही ठरलं. घरी, पडवीत. आणि रामाच्या बायकोने रोज येऊन वास घ्यायचा.

आता ते सकाळी एसटीतून उतरून येतात ते आधी मागे जातात आणि दार उघडून ठेवतात. बोळकांडीत वारा येतो. मग खुर्चीवर बसताना ते राहीला विचारतात, "कसला वास?"

"कसला नाही काका."

"बरं," असं म्हणून ते पुड्यांचे कागद पुढे ओढतात.

परवा राही जरा थांबली, नाक वर करून म्हणाली, "फोडणीचा येतोय. विहिरीपलीकडून."

"कशाची फोडणी?"

"लसणीची. थोडी करपलीय."

"कितपत?"

"थोडीच."

आत्माराम उठले, मागच्या दारात जाऊन उभे राहिले आणि विहिरीपलीकडे हाक मारली, "वहिनी, गॅस बारीक करा!" पलीकडून "हो, हो, काका!" असा आवाज आला, आणि भांडं उतरवल्याचा. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, दारावर हात ठेवून. मग आत येऊन बसले आणि राहीला म्हणाले, "काही करपलं, लागलं-बिगलं की सांगत जा."